मंडईचं बोलावणं

धानाच्या बांधावरून चालत घरी आलं की पँटच्या पायाला कुसळं चिकटलेली दिसतात. चालताना एकही जाणवत नाही. घरी येऊन खुर्चीत बसलं की टोचायला लागतात. आमच्या मंडळाचे किस्से असेच आहेत. रविवारी घडतात तेव्हा कुणी लक्ष देत नाही. सोमवारी मी एकटा चहा पीत बसतो आणि एकेक काढत राहतो.

मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, गवतांवर पीएच.डी. केली, त्यामुळे उपमासुद्धा गवताचीच सुचते. माफ करा. किस्से सांगणं हे माझं कामही नव्हे. हसण्याच्या जागेवर पोचायच्या आत सर दोनदा खुलासा करतात, असं माझे विद्यार्थी म्हणायचे. तरी सांगतो, कारण न सांगता ठेवले तर जास्त टोचतात.

आमचं मंडळ भंडाऱ्यात आहे. समलिंगी, ट्रान्स, आणि आपण नेमके कोण हे अजून न ठरलेली माणसं दर रविवारी दुपारी मंगेशच्या फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत जमतात. कुणाला डॉक्टर हवा असतो, कुणाला वकील, कुणाला नुसतं बसायला जागा. मागच्या भिंतीवर फोटोंसाठीचा पडदा आहे, त्यावर बर्फाचे डोंगर रंगवलेले आहेत. मे महिन्यातही आम्ही हिमालयासमोर बसून घामानं भिजत असतो.

हे लिहायच्या आधी नावं बदलू का, असं मी सगळ्यांना विचारलं. मंगेश हो म्हणाला, सुषमा सिस्टर हो म्हणाली. वैशाली म्हणाली, "माह्यं नका बदलू सर. मी एकदा बदललं आहे."

*

खोलीवर पाटी लावायची की नाही, यावर आमची बरीच भांडणं झाली. खरं नाव लिहिलं तर घरमालक हाकलेल, आणि काहीच लिहिलं नाही तर नवीन माणसाला जागा सापडणार नाही. शेवटी मी तोडगा काढला. नुसतं 'मित्र परिवार' लिहू. कुणाला काय कळणार?

आमच्याकडे प्रत्येक नेत्याचा एक मित्र परिवार असतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. पाटी लागल्यावर थोड्याच दिवसांत एक गृहस्थ धापा टाकत जिना चढून आले आणि त्यांच्या गल्लीतली नाली तुंबल्याची तक्रार सांगू लागले. मी घाबरून त्यांना बसा म्हणालो. सुषमा एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, तिला घाबरणं माहीत नाही. तिनं तिथूनच नगर परिषदेला फोन लावला आणि पेशंटच्या नातेवाइकांना दटावतात त्या आवाजात बोलली. नाली साफ झाली.

गृहस्थ पेरू घेऊन पुन्हा आले. नेता कोण, पक्ष कोणता, म्हणजे मत कुठे द्यायचं ते कळेल, असं त्यांनी विचारलं.

सुषमा म्हणाली, "पक्ष लहान आहे जी. अजून कोणी निवडून नाही आलं."

ते अजून येतात. मागे रस्त्यावरच्या दिव्याचं काम घेऊन आले होते.

*

मी या मंडळाचा सल्लागार आहे की सभासद, याबद्दल माझ्या मनात पुष्कळ दिवस गोंधळ होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा तो जिना चढलो. नवीन माणसानं आपली ओळख करून द्यायची, एवढीच तिथली पद्धत. मी उभा राहिलो आणि जंगली धानाबद्दल बोललो. तळ्याकाठी तो आपोआप कसा उगवतो, शेतकरी त्याला तण समजून कसा उपटतो, आणि तरी पुढच्या वर्षी तो कसा पुन्हा येतो. चांगलं लांबलचक बोललो. मंगेशनं मधे दोनदा पंख्याचा वेग वाढवला.

वैशाली हनुवटीला हात लावून शेवटपर्यंत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "सर, धानाचं समजलं. आता तुमचं सांगा."

मग मी सांगितलं. एका वाक्यात झालं. एवढंसं वाक्य तोंडातून निघायला सगळं आयुष्य का लागलं, ते मला अजून समजलेलं नाही.

 सुषमानं माझ्यापुढे कप सरकवला. "बसा सर, चहा थंडा होऊन राहिला."

*

सुषमा आणि तिची जोडीदार एका भाड्याच्या घरात राहतात. घरमालकीणबाई दोघींना चुलतबहिणी समजतात आणि त्यांची लग्नं जमवायचं मनावर घेऊन बसल्या आहेत. एकदा त्या अगदी आनंदात आल्या. साकोलीकडे दोन सख्खे भाऊ सापडले होते. दोघी एकाच घरात जातील, ताटातूट व्हायची नाही, यापेक्षा काय चांगलं?

सुषमानं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "काकू, एका घरात तं आम्ही आताच आहो."

काकूंना ते पटलं. भावांना नकार कळवायचं कामही त्यांनीच केलं.

*

आता वैशालीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिचंच आहे.

वैशाली लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीची. भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या एका दुकानात ती भांड्यांवर नावं कोरायचं काम करते. अक्षर असं की लोक लग्नाच्या भेटीसाठी तिच्याकडूनच नाव घालून मागतात. घरच्यांच्या हिशोबानं ती मुलगा होती. साडी नेसून पहिल्यांदा बाबांसमोर उभी राहिली तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही. दार लावून घेतलं, एवढंच. आणि तिच्या आईला शपथ घातली की याच्यापुढे त्याच्याशी बोलायचं नाही.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच, पण देवापेक्षा पाहुण्यांची जास्त. दुकानं लागतात, दंडार हा गावचा नाच-नाटकाचा खेळ होतो, आणि दूर दिलेल्या लेकी सासरच्यांना घेऊन माहेरी येतात. ज्याला मंडईचं बोलावणं नाही तो त्या घराचा नाही, असं साधं गणित. दर दिवाळीनंतर वैशाली मोबाइल पदराखाली धरून बसायची. कुणाला काही म्हणायची नाही. आम्हीही विचारायचो नाही. ती कशाची वाट बघते आहे, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत असायचं.

*

मंडळाचा एक फोन आहे, अडचणीतल्या माणसांसाठी. तो आळीपाळीनं एकेकाकडे असतो. त्याचा नियम मीच घालून दिला. फोन करणाऱ्याला कुणाचंही नाव सांगायचं नाही. अमुक माणूस आमच्याकडे येतो की येत नाही, हेसुद्धा नाही. घरच्यांना पत्ता लागून लोकांचे हाल झालेले आम्ही पाहिले होते.

एका रविवारी फोन माझ्याकडे होता. त्याआधी सुषमा लाखांदूरकडे आरोग्य शिबिराला गेली होती, तिथे बायकांना तिनं हा नंबर दिला होता. फोनवर एक बाई होत्या, फार हळू बोलत होत्या. मागे गाय हंबरत होती.

"दिघोरीहून बोलून राहिली जी. माह्यं लेकरू तुमच्याइथं येते असं आयकलं. बरं आहे का?"

समोर वैशाली चहा गाळत होती.  बाई एकट्याच आहेत की त्यांच्यामागे कुणी उभं आहे, हे मला इथे बसून कसं कळणार? मी नियम सांगितला. असं कुणी इथे येतं की नाही हे आम्हाला सांगता येत नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कायदा आहे तं नका सांगू. मंग असं सांगा, तुमच्याइथं जे कोणी येतेत, ते सगळे खाऊन-पिऊन बरे आहेत का?"

मी खोलीभर नजर फिरवली आणि सगळे बरे आहेत असं कळवलं. कुणाला खोकला आहे का, त्यांनी विचारलं. तेवढ्यात वैशाली खोकली. एकाला आहे, म्हणालो. ज्याला असेल त्याला अडुळशाचा काढा द्या, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

वैशालीला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. बाजूला बाबा असते तर, असं तीच म्हणाली. मग गाळणं धुता धुता तिनं विचारलं, "सर, आवाज कसा होता तिचा?"

काढा आम्ही सगळ्यांनीच घेतला. एकटीला दिला असता तर नियम मोडला असता, असं मला वाटलं.

*

त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन येऊ लागला, म्हणून रविवारचा फोन माझ्याकडेच ठेवायचं ठरलं. बाबा शेतावर गेले की त्या बोलत. शपथ त्यांनी मोडली नाही. लेकराशी त्या बोलतच नव्हत्या, माझ्याशी बोलत होत्या. वैशालीही फोन मागत नसे, नुसती जवळ येऊन बसायची.

पण नियमामुळे त्यांना एकट्या वैशालीची चौकशी करता येईना, म्हणून त्या सगळ्यांचीच करत. तुमच्याइथं कुणाचे गुडघे दुखतात का? माझे दुखतात, म्हणालो. मग तेल कोणतं, चोळायचं कसं, हे सगळं आलं. कुणी उपाशीपोटी चहा पितं का? मंगेश पितो, असं नाव न घेता सांगितलं. त्यालाही बोलणी बसली. माझी आई जाऊन किती वर्षं झाली असतील! गुडघ्यावरून बोलणी खायची सवय सुटली होती.

दसऱ्याच्या सुमाराला एसटीच्या कंडक्टरकडून एक पितळी डबा आला. आत लाखोळीच्या डाळीच्या वड्या. निरोप होता, मंडळातल्या सगळ्यांसाठी. सुषमानं तिथेच स्टोव्हवर भाजी केली. वैशालीनं एक घास घेतला आणि ताटली खाली ठेवली.

तिखट झाली का, मंगेशनं विचारलं.

"नाही," वैशाली म्हणाली. "बरोबर झाली."

*

रिकामा डबा परत करायचा नसतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. चिवडा भरायचं ठरलं. डबा आधी दुकानात नेऊन चकाकून आणते, असं म्हणून वैशाली तो घेऊन गेली.

परत आणला तेव्हा सोन्यासारखा दिसत होता. झाकणावर तिच्या बाबांचं नाव होतंच, लग्नात मिळालेला डबा असणार. 'दयाराम, दिघोरी'. आणि त्याच्या खाली, लहान, रेखीव अक्षरात, नवीन कोरलेलं, 'वैशाली'.

 तो डबा रोज तिच्या बाबांच्या डोळ्यांसमोर असणार. आईची चोरी उघडी पडेल, फोन बंद होईल, आहे तेवढंही जाईल. हे मी तिला सांगितलं. ते तिनंही आधी पाहिलेलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. म्हणून मी शेवटचं हत्यार काढलं. नाव सांगायचं नाही असा आपला नियम आहे.

"सांगितलं कुठं सर?" ती म्हणाली. "कोरलं."

*

चिवडा भरून डबा त्याच कंडक्टरकडे गेला. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दिवाळी आली आणि गेली. एकोडीकडच्या, पवनीकडच्या मंडया सुरू झाल्या. मंगेश फोटो काढायला जायचा आणि परत येऊन त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

नियम मी केला नसता, फोन सरळ तिच्या हातात दिला असता तर, असं माझ्या डोक्यात चालू असायचं. सुषमाजवळ बोललो. तिनं माझा बीपी तपासला.

मग एका रविवारी मंडळाचा फोन वाजला आणि पुरुषाचा आवाज आला. "दिघोरीहून दयाराम बोलून राहिलो."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. का उभा राहिलो, ठाऊक नाही. वैशाली माझ्याकडे पाहत होती.

"डबा भेटला," ते म्हणाले.  "अक्षर चांगलं आहे."

मी सवयीनं तेच बोललो. ते कुणी कोरलं हे आम्हाला सांगता येत नाही.

"मी विचारलं नाही जी." मग म्हणाले, "आमच्या गावची मंडई आहे येत्या रविवारी. तुमच्याइथं जे कोणी येतेत, त्या सगळ्याइले बोलावणं आहे."

सगळ्यांना? मी विचारलं.

"सगळ्याइले. कोणी राहू नये." आणि फोन ठेवला.

मी ते वैशालीला सांगितलं. तिनं मला ते शब्द पुन्हा म्हणायला लावले, जसेच्या तसे. मग खोलीतल्या सगळ्यांकडे बघून म्हणाली, "मंग आता तुम्हा सगळ्याइलेच यावं लागन."

*

त्या आठवड्यात माझी झोप उडाली. त्यांनी फक्त रीत म्हणून तर बोलावलं नसेल? गावात कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगायचं?

उत्तरांची मात्र कमी नव्हती. आम्ही आयुष्यभर तेच तर केलेलं. मंगेश म्हणाला, दंडारीचे फोटो काढायला आलो असं सांगू, कॅमेरा गळ्यात असेलच. सुषमाकडे आरोग्य शिबिर तयार होतं. मी 'सामाजिक सर्वेक्षण' हा शब्द काढला. तो कुणालाच आवडला नाही.

साडी कोणती नेसायची यावर वैशालीनं सगळ्यांचा सल्ला घेतला. मी म्हणालो, जरा फिक्या रंगाची बरी, उगाच डोळ्यांवर येणार नाही. सुषमा म्हणाली, "सर, तुम्ही गवतावर बोला." वैशाली पोपटी नेसली.

मंगेशच्या गाडीतून आम्ही निघालो. पवनीपर्यंत ती गाणी म्हणत होती. लाखांदूर मागे पडलं तशी गप्प झाली. दिघोरीच्या अलीकडे, धान कापलेल्या बांध्यांजवळ, तिनं गाडी थांबवायला लावली. मी गाडीतच बसते, म्हणाली, तुम्ही जेवून या.

 मला धीराचं एखादं वाक्य सुचायला हवं होतं. शिकलेल्या माणसाचा अशा वेळी उपयोग व्हायला हवा. सुचलं नाही.

सुषमा म्हणाली, "कोणी राहू नये असं बोलावणं आहे. एक राहिली तं आम्ही बी वापस."

वैशालीनं ओठ पुसले, पुन्हा लिपस्टिक लावली आणि म्हणाली, "चाल मंगेश."

*

अंगण सारवलेलं होतं. पाहुण्यांची गर्दी होती. दंडारीची ढोलकी लांबून ऐकू येत होती. तिची आई दारातच उभी होती, पण शपथ अजून उतरली नव्हती. त्या मला "या जी" म्हणाल्या आणि एक शब्द न बोलता वैशालीचं मनगट धरून तिला आत घेऊन गेल्या.

दयारामजी उंच, वाळलेले, नव्या पांढऱ्या सदऱ्यात. त्यांनी आम्हाला मान हलवून नमस्कार केला, जयभीम म्हणाले. वैशाली त्यांच्या समोरून आत गेली तेव्हा ते मांडवाच्या दोरीकडे बघत होते.

अंगणाच्या मधोमध बाजेवर एक भारदस्त गृहस्थ बसले होते, डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल. वैशालीच्या मोठ्या बहिणीचे ते सासरे, पवनीचे. मुलीच्या सासरच्या वडीलधाऱ्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. इवाई अंगणात आला की यजमान त्याला टॉवेल-टोपी घालतो आणि छातीला छाती लावून भेटतो. मग त्याची जागा बाजेवर. बाकीचे पाहुणे खाली सतरंजीवर.

आम्ही सतरंजीवर बसायला वाकलो तेवढ्यात पवनीच्या इवायांनी मोठ्यानं विचारलं, "दयारामजी, हे पाहुणे कोठचे जी?"

अंगणातल्या माना आमच्याकडे वळल्या. मंगेशचा हात कॅमेऱ्याकडे गेला. सुषमानं घसा साफ केला. माझ्या डोक्यात 'सामाजिक' एवढाच शब्द येऊन अडकला. आतल्या दाराशी पोपटी रंग दिसला आणि तिथेच थांबला.

 दयारामजी वळले आणि घरात गेले.

ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. निदान मला बराच वाटला. आपण यायलाच नको होतं, असं मनात येऊन मी माझ्या चपला कुठे काढल्या ते शोधू लागलो.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात घडी न मोडलेला टॉवेल होता आणि टोपी. सरळ माझ्याकडे आले. टोपी माझ्या डोक्यावर बसवली, जरा मोठी होती, मागून ओढून नीट केली. टॉवेल खांद्यावर टाकला. मग दोन्ही हातांनी मला जवळ घेतलं, एकदा उजव्या बाजूनं, एकदा डाव्या.

"उशीर केला इवाई," ते म्हणाले.

पवनीचे गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले, मग दयारामजींकडे. मग ते बाजेवर जरा सरकले आणि शेजारची जागा हातानं झाडली. मी बसलो.

दयारामजींनी दाराकडे तोंड केलं.

"वैशाली, दोन्ही इवायाइले पाणी आण वं."